सगळे स्विच एकाच उंचीवर

नेदरलँड्समधल्या न्यूनेन गावात आम्ही घर घेतलं तेव्हा त्या जागेवर नुसतं गवत होतं आणि बाजूला दोन मेंढ्या चरत होत्या. इथे नवीन घर नकाशावरून विकत घेतात. भिंती आणि स्लॅब कारखान्यात तयार होऊन ट्रकवरून येतात. त्यामुळे प्लग कुठे, दिवा कुठे, स्विच दाराच्या डाव्या हाताला की उजव्या, हे सगळं आधीच सांगावं लागतं. पुण्यात माझ्या भावाने फ्लॅटमध्ये राहायला गेल्यावरही इलेक्ट्रिशियनला बोलावून, भिंत फोडून पॉइंट वाढवून घेतले होते. इथे काँक्रीटमध्ये वायरची नळी टाकायची राहिली की राहिलीच.

मी आणि माझा नवरा, दोघंही आइंडहोव्हनला इंजिनिअर. कामाची वाटणी सोपी झाली. "स्वयंपाकघर तू बघ, बाकीचं मी बघतो," तो म्हणाला. मी ओट्यावरच्या मिक्सरसाठी, फूड प्रोसेसरसाठी, देवघरातल्या छोट्या दिव्यासाठी पॉइंट ठरवले आणि मोकळी झाले. तो मात्र रंगीत पेन्सिली घेऊन कित्येक आठवडे त्या नकाशावर बसला होता. जिन्याच्या प्रत्येक पायरीला खाली दिवा. पॅसेजमध्ये माणूस आला की आपोआप लागणारे दिवे. प्रत्येक खोलीत स्विच दाराच्या त्याच बाजूला आणि सगळे एकाच उंचीवर.

"हॉटेल बांधतोयस का?" मी विचारलं होतं.

"इथे हिवाळ्यात अंधार लवकर पडतो," तो म्हणाला. मला ते पटलं.

बिल्डरच्या ऑफिसात ग्राहकांसाठी नेमलेल्या एक डच बाई होत्या, पन्नाशीच्या. त्यांनी कॉफी दिली, कॉफीबरोबर एकेक बिस्किट दिलं आणि नकाशा समोर ओढला. खालच्या मजल्यावरून वरच्या मजल्यापर्यंत त्यांचं बोट फिरत गेलं. मग त्यांनी चष्मा काढला आणि सावकाश, मलाही समजेल अशा डचमध्ये विचारलं, "तुमच्यापैकी कुणाला कमी दिसतं?"

मला वाटलं, माझ्याच समजण्यात चूक झाली. मी नवऱ्याकडे बघितलं. तो म्हणाला, "इक." म्हणजे डचमध्ये 'मी'.

बाईंना काही विशेष वाटलं नाही. आत्ता किती दिसतं, पुढे किती कमी होणार आहे, असं त्या विचारत गेल्या आणि तो उत्तरं देत गेला. त्या बोलण्यात एक शब्द पुन्हा पुन्हा येत होता, नेटफ्लीस. मला तो शब्द माहीत नव्हता. नंतर कळलं, डोळ्याच्या आतल्या पडद्याला, रेटिनाला, तसं म्हणतात. पण त्या क्षणी मला लागलं ते वेगळंच. माझ्या नवऱ्याला तो शब्द सराईतपणे येत होता. म्हणजे हे बोलणं त्याने आधी कुणाकुणाशी केलेलं होतं. परक्या भाषेत, परक्या माणसांशी. मला सोडून.

पुढे मी स्वयंपाकघराच्या पॉइंटबद्दल बोलले. अगदी नेहमीच्या आवाजात बोलले. काय बोलले ते आज आठवत नाही.

गाडीत बसल्यावर मी किल्ली लावलीच नाही.

"कधीपासून?"

"डॉक्टरांनी निदान केलं मागच्या वर्षी. अंधारात दिसत नाही हे त्याआधीपासून. कडेचं कमी होत जातं आणि मधलं राहतं, नळीतून बघितल्यासारखं."

"किती राहणार?"

"ते सांगता येत नाही म्हणाले."

"तू आम्हाला ब्रेडाहून गाडीने आणलं होतंस. पावसात. दिवे लागल्यावर."

"ते निदानाच्या आधी. त्या दिवशीच मला कळलं काहीतरी गडबड आहे. रस्त्यावरच्या रेघा दिसेनाशा झाल्या होत्या. पुढच्या ट्रकच्या लाल दिव्यांमागे गाडी ठेवून घरापर्यंत आलो. त्यानंतर मी गाडी चालवली नाही."

त्या दिवशी मागच्या सीटवर आमची मुलगी झोपलेली होती, ते मला आठवलं. पाठीच्या दुखण्यामुळे तो गाडी चालवत नाही, असं मी सगळ्यांना सांगत आले होते. हिवाळ्यात सायकल सोडून बसने जातो म्हणून मी त्याला आळशीही म्हणाले होते.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू घर घेऊ दिलं नसतंस."

ते खरं होतं. पुढचा आठवडाभर मी तेच म्हणत होते, हे घर सोडू या, लिफ्ट असलेला फ्लॅट बघू या, पुण्याला परत जाऊ या. तो एवढंच म्हणायचा, "दिसतंय तोवर मला घर पाठ करून घ्यायचं आहे." मी त्याच्याशी धड बोलत नव्हते. त्याला डबा देत होते, चहा देत होते आणि तो कप कुठे ठेवतो इकडे चोरून बघत होते. कप ठेवण्याआधी तो टेबलाची कड बोटांनी चाचपायचा. हे तो कधीपासून करत होता, कुणास ठाऊक.

मुलीला सांगायचं ठरलं तेव्हा ती अकरा वर्षांची होती. आम्ही तिला मराठीत सांगितलं, बाबांना नीट दिसत नाही. ती डचमध्ये म्हणाली, "डाट वेट इक तोख." म्हणजे, मला माहीतच आहे. मग मला नीट कळावं म्हणून इंग्रजीत म्हणाली की डावीकडून कुणी आलं तर बाबांना दिसत नाही आणि ते धडकतात, म्हणून त्या बाजूला दुसरं कुणी येऊ नये अशी ती स्वतःच नेहमी त्यांच्या डावीकडून चालते. मागे एकदा युट्रेख्टच्या स्टेशनवर ती मध्येच जागा बदलून पलीकडे गेली होती आणि मी तिला रागावले होते, तेही तिने सांगितलं. तक्रार म्हणून नाही, नुसतं सांगितलं.

त्यानंतर मी नकाशा हातात घेतला. भाड्याच्या घरात डोळ्यांवर ओढणी बांधून मी स्वयंपाक करून बघितला. मला आवडलेली शेगडी काचेची, सपाट, बोट टेकवून चालवायची होती. डोळे बांधल्यावर ती चालू आहे की बंद, कळेना. ती रद्द करून फिरवायची बटणं असलेली शेगडी घेतली. जाण्यायेण्याच्या वाटेत वायर येऊ नये म्हणून प्लग हलवले. ओट्यावरचा दिवा मागून होता, तो पुढे घेतला, कारण आपलीच सावली सुरीवर पडत होती.

बिल्डरच्या त्या बाईंचा फोन आला. जिन्यात आणि पलंगाजवळ एकेक रिकामी नळी टाकून ठेवा, म्हणाल्या.

"त्यातून काय जाणार?" मी विचारलं.

"ते आज माहीत नाही. म्हणूनच टाका."

घर झालं. राहायला आलो. नवऱ्याचं दिसणं आणखी आक्रसलं आहे. ऑफिसने मोठा स्क्रीन दिला आहे, आणि पांढरी काठी घेऊन चालायला शिकवणाऱ्या एक शिक्षिका त्याला बाजारात घेऊन जातात. घरात तो काठी घेत नाही.

मागच्या उन्हाळ्यात सासूबाई आल्या तेव्हा दुपारच्या चहाला त्याने त्यांना सगळं सांगितलं. त्या रडतील म्हणून मी पाणी भरून ठेवलं होतं. त्या रडल्या नाहीत. पदराने कपाची कड पुसत म्हणाल्या, "तुझ्या थोरल्या मामाचं असंच झालं. त्याच्या आधी आजोबांचं."

"मामांचे डोळे साखरेने गेले ना?" तो म्हणाला.

"तसं सांगायचं ठरलं होतं. घरात लग्नाच्या मुली होत्या, मी होते." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुझ्या आईवडिलांनाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू आली नसतीस."

त्यांचा राग करावा एवढंही बळ उरलं नव्हतं. तो उठला, आईच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "आपल्या घरात आता असं ठरवायचं नाही."

संध्याकाळी मुलगी पोहून आली. केस ओलेच होते. त्याने तिला समोर बसवून मामा-आजोबांचं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मलापण होणार?" हे मात्र तिने मराठीत विचारलं.

"होऊ शकतं. नाहीही होणार. अठराची झालीस की तपासायचं की नाही ते तू ठरव. आम्ही बरोबर येऊ."

मग तिने आजीला विचारलं की ते थोरले मामा दिसत नसताना दिवसभर काय करायचे. सासूबाईंना आधी प्रश्न कळला नाही. मी तो मराठीत पुन्हा सांगितला.

"पेटी वाजवायचा," त्या म्हणाल्या. "आणि सगळ्यांना चिडवायचा." मग त्या मामांच्या एकेक खोड्या सांगू लागल्या. माझ्या नवऱ्यानेही त्यातल्या कितीतरी पहिल्यांदाच ऐकल्या.