इंदूबाईंचा वजनकाटा

आमच्या अंगणवाडीच्या इंदूबाई कुणाच्याही घरात शिरल्या की आधी चुलीकडं जायच्या आणि टोपावरचं झाकण उचलायच्या. राम राम मागाहून. किन्हवलीच्या बाजूला आमचा पाडा, तिथं सगळ्यांना त्यांची ही सवय ठाऊक. एकदा आमच्या टोपात नुसती पेज बघून मला बोलल्या, "काळू, ह्यातला भात पोहायला गेला का रे?"

मी बोललो, "बुडाला, बाई."

त्या हसल्या नाय. झाकण ठेवलं आणि पिशवीतनं शेवग्याचा पाला काढून माझ्या बायकोच्या, सुगंधाच्या हातात दिला.

मला चार पोरं. तेव्हा मोठी पूजा सात वर्षांची, मग जुळे राहुल आणि रोशन, आणि धाकटी सोनी, दोन वर्षांची. संध्याकाळी मी पोरं मोजायला बसलो की एकदा तीन भरायची, एकदा पाच. शेजारचं एखादं घुसलेलं असायचं. ते पण जेवून जायचं.

महिन्यातनं एकदा बाई अंगणवाडीच्या आढ्याला काटा टांगायच्या. काट्याला कापडाची झोळी, झोळीत पोर. वजन बघून त्या पोराच्या कार्डावर टिंब काढायच्या. कार्डावर तीन पट्टे, हिरवा चांगल्या वजनाचा, पिवळा कमी, लाल फारच कमी. त्या महिन्यात सोनीचं टिंब लालमध्ये उतरलं.

"पुढच्या वजनाला पण लालमध्येच राहिली तर तालुक्याच्या दवाखान्यात चौदा दिवस ठेवायची," बाई बोलल्या. "आई तिच्याबरोबर राहील."

मी घाबरलो. पोरीसाठी घाबरलो असं सांगितलं तर बरं दिसेल. पण तसं नाय. भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, तोंडावर, सुगंधा चौदा दिवस घरात नाय, आणि तीन पोरं माझ्या एकट्याच्या अंगावर, ह्याला घाबरलो.

मग मी डोकं चालवलं. मी डोकं चालवलं की घरात काहीतरी फुटतंच. नदीवर मासे मारायला आमी जे जाळं फेकतो, त्याच्या काठाला शिशाच्या गोळ्या असतात. त्यातल्या मूठभर सोडवल्या, सुतळीत ओवल्या आणि पुढच्या वजनाच्या दिवशी सोनीच्या कमरेला फ्रॉकच्या आतनं बांधल्या. सोनी झोळीत बसली आणि काटा असा दणकन खाली गेला की मीच दचकलो.

बाईंनी काटा बघितला. सोनीचे दंड बघितले. मग माझ्याकडं बघितलं आणि पोरीचा फ्रॉक वर केला.

"काळू, हिला आता नदीत टाकून मासे धरायचे का?"

जमलेल्या बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मी पण हसलो, सवयच ती. बाई खाली बसून सुतळी सोडत होत्या. सोनीच्या कमरेला लालबुंद वळ उठला होता. तो बघितला आणि माझं हसू मधेच अडकलं.

"आवणी दर सालाला येते रे," बाई हळूच बोलल्या. "पोर नाय येत."

गोळ्या काढून वजन केलं तर टिंब लालमध्येच. त्याच दिवशी त्या आमाला एसटीनं शहापूरला डॉक्टरकडं घेऊन गेल्या. डॉक्टर बोलले, आजार काय नाय, खाणं कमी पडतंय. आत्ताच भरती नको, दर आठवड्याला वजन करा, महिन्यात फरक नाय दिसला तर लगेच भरती.

खाणं कमी पडतंय, ह्याचा मला राग आला. टोप भरून भात होतो आमच्यात. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या टायमाला बाई येऊन ओटीवर बसल्या. सुगंधानं परातीत भात ओतला, वर डाळ ओतली. आमच्यात सगळी पोरं एकाच परातीत जेवतात.

मी ऐटीत बोललो, "एका परातीत जेवलं की भावंडांत माया राहते, बाई."

"मायेचं कळलं. भात कुठं जातो ते बघू दे."

पूजाचा घास मोठा. जुळ्यांची तर शर्यतच. सोनी चिमटीत चार शितं धरायची, त्यातली दोन सांडायची, आणि तोवर परातीचा तळ दिसायचा. बाईंनी वाकून परातीत बघितलं. मग बोलल्या, "काळू, पोरं चार. मग परातीत हात पाच कशे?"

पाचवा माझा होता. सगळ्यात मोठा पण माझाच.

सुगंधा बोलली, "मी सांगून थकले, बाई. हे मला बोलतात, पोरांना सोबत लागते."

त्या दिवसापासनं बाईंनी नेम घालून दिला. सोनीची वाटी वेगळी, भातावर चमचाभर तेल, जमेल तेव्हा अंडं. भरवायचं मीच, आणि तिची वाटी संपल्याशिवाय मी जेवायचं नाय. सोनी एका घासाला कावळा, कोंबडी, शेजारची म्हैस, सगळी बघायची. मी म्हशीचा आवाज काढला की तोंड उघडायची. शेजारचा दादा बोलला, "काळू, म्हैस विकली तरी चालेल मला, तू आहेस."

पहिल्या आठवड्याला काटा हलला नाय. सुगंधानं दवाखान्याची पिशवी भरून ठेवली. आवणीला मी पाड्यावर सगळ्यांच्या मागं राहिलो, कारण दुपारी बांधावरनं उठून वाटी घेऊन बसायचो. दुसऱ्या आठवड्याला काटा जरासा सरकला. तिसऱ्याला आणखी.

महिना भरला. बाईंचं पण ते शेवटचं वजन. नोकरी संपली होती, त्या मुरबाडला लेकीकडं राहायला जाणार होत्या. त्यांनी सोनीला झोळीत बसवलं, काटा दोनदा वाचला, आणि पेन्सिल माझ्या हातात दिली.

"बाई, मला लिहायला येत नाय."

"टिंबाला शाळा लागत नाय रे. हितं टेकव."

त्यांनी बोट ठेवलं ती जागा पिवळ्या पट्ट्यात होती. मी पेन्सिल अशी दाबली की टिंब वाटाण्याएवढं झालं. मी थुंकी लावून पुसायला गेलो, तर बाईंनी कार्ड ओढून घेतलं.

"राहू दे. जाईल हिरव्यात पण. नेम मोडू नको."

पूजा आता मोठ्या शाळेत आहे. हे सगळं मी बोलतोय आणि ती लिहून घेतेय. माझ्या हातानं लिहिलेलं जगात तेवढंच, एक टिंब. पण जागच्या जागी आहे.