बंगल्यासाठी भरलेली ओटी

“परवा एक जण बघून गेला. मोठा अधिकारी होता. पण आडनाव ऐकलं आणि कळलं. हल्ली यांच्याकडे पैसा फार झालाय हो.”

देवळाली कॅम्पच्या बाजूला, जुन्या बंगल्याच्या व्हरांड्यात बसून मालक मला हे सांगत होते. निवृत्त माणूस. मुलं परदेशात, म्हणून बंगला विकायला काढलेला. मी हसलो. चांगली मान हलवून हसलो. माझं आडनाव दोन्हीकडे चालतं, त्यावरून जात कळत नाही. ते विचारणार नाहीत, तुम्हीही सांगू नका, असं एजंटने आधीच बजावलं होतं. मी कॉलेजात शिकवतो. एप्रिल आला की वस्तीवस्तीत भाषणं देतो, ताठ मानेने जगा म्हणून सांगतो. आणि तिथे मी हसलो.

घर मला आईसाठी हवं होतं. तिची उभी हयात दिंडोरीकडे दुसऱ्यांच्या द्राक्षबागेत गेली. माझ्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ती दिवसभर गॅलरीत बसून खालची माती बघते. या बंगल्याच्या मागे दहा गुंठे मोकळी जागा होती, विहीर होती, तीन आंबे होते. व्यवहार जवळजवळ ठरला तेव्हा मी तिला दाखवायला नेलं. वडिलांचे गुडघे धरलेले, ते घरीच राहिले. वाटेत मी तिला म्हणालो, आई, तिथे जय भीम म्हणू नकोस, नुसता नमस्कार कर. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, “बरं.”

मागचं आवार बघून मात्र ती हरखली. इथं मेथीचा वाफा, तिथं शेवगा, विहिरीजवळ आळू. इतकी मोकळी ती मला कित्येक वर्षांत दिसली नव्हती.

निघताना मालकीणबाई ताट घेऊन आल्या. खण, नारळ, तांदूळ. सवाष्ण पहिल्यांदा घरी आली, तिला रिकामी कशी पाठवू, म्हणाल्या. माझी आई ओटी घेत नाही. तरुणपणी बागेच्या मालकिणीने बाकीच्या बायकांची ओटी नीट भरली आणि हिच्या पदरात हातभर वरून तांदूळ टाकले. हिने ते तिथेच बांधावर झटकले आणि काम सोडून घरी आली. पुढे नात्यातल्या लग्नातसुद्धा तिने कुणाकडून ओटी भरून घेतली नाही.

आईने माझ्याकडे पाहिलं. आमच्यात ओटी घेत नाहीत, एवढंच मी म्हणायचं होतं. मी आंब्याकडे बघितलं.

तिने पदर पसरला.

गाडीत ती ओटी तशीच मांडीवर धरून बसली होती. कपाळावर कुंकू. रडली नाही, चिडली नाही.

“तुला घर पायजे ना? मंग तोंड कशाला पाडतो? एक दिस घेतली, त्यात काय लय मोठं.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. नाशिकरोड यायच्या आधीच मी गाडी वळवली. जाऊ दे रे, म्हणत होती ती. मी थांबलो नाही.

मालक फाटकातच होते.

“आम्ही बौद्ध आहोत. माझी आई ओटी घेत नाही, आज माझ्यामुळे घेतली. मागच्या वेळी तुम्ही ज्यांच्याबद्दल बोललात, ते आम्हीच. मी तेव्हा हसलो होतो.”

“अहो, आम्ही तसलं काही मानत नाही,” ते म्हणाले. “पण आधी सांगायला हवं होतं ना.”

मी ओटी व्हरांड्याच्या पायरीवर ठेवली आणि निघालो. संध्याकाळी एजंटचा फोन आला. मुलांचा विचार बदलला, बंगला विकायचा नाही म्हणे. विक्रीची पाटी अजून फाटकावर आहे.

यात माझा पराक्रम काही नाही. तोंड उघडलं ते अर्ध्या तासाने, आणि त्या अर्ध्या तासाची किंमत आईने मोजली. बांधावरच्या त्या दिवसानंतर कुणापुढे न पसरलेला पदर माझ्या हौसेपायी पसरला गेला. तो आता मागे घेता येत नाही. तिच्या नजरेला नजर द्यायला मला अजून जड जातं.

आम्ही दुसरी घरं बघतोय. दारातच आम्ही कोण ते सांगतो, मग चपला काढतो. दोन ठिकाणी चपला काढायची वेळच आली नाही. घर नाही मिळालं तर नाही मिळालं. आईला पुन्हा कुणाच्या दारात गप्प राहा म्हणणार नाही.