भाचीचा प्रश्न आणि दुसरा चहा

आज जे झालं ते मला अजून नीट कळलेलं नाही.

माझी भाची रेवा अमेरिकेतच वाढली, तिथे राजकीय पत्रकार आहे. कामासाठी इथे सौदीत, रियाधला आलीय, म्हणून आमच्याकडे जेवायला होती. शेजारची दोन मराठी कुटुंबंही होती.

तिने सहज विचारलं, "इथल्या राजकारणाबद्दल तुम्हाला काय वाटतं?"

सगळे एकदम म्हणाले, "अगं, पोळी घे ना."

ती हसली. "मावशी, वॉशिंग्टनमध्ये नेतेही असंच टाळतात. फक्त पोळी वाढत नाहीत."

सगळे गेल्यावर तिने फोन पर्समध्ये ठेवला. "हे बातमीसाठी नाही. आता तू तरी सांग."

मी चहा टाकायला उठले. चहाचे भरलेले कप समोरच होते.

मी घाबरून उठले, की इथे इतकी वर्षं राहून मला मतच उरलं नाही? अशा वेळी तुम्हाला तुमचं कळतं का?