मढ्याचं काम करणारी सखू

मुळशीच्या डोंगरातल्या वाडीवर राहणारी सखू सिनेमात मढ्याचं काम करते. पौडचा विलास शूटिंगला माणसं पुरवतो. लढाई, लूट, दुष्काळ असा प्रसंग असला की त्याचा टेम्पो वाडीवर येतो आणि सखूला तो सगळ्यांत आधी बोलावतो, कारण तिच्यासारखं मरून पडणं कुणाला जमत नाही. साखरेच्या पाकातलं लाल रक्त अंगावर ओततात, त्याला मुंग्या लागतात, बाकीची मढी चुळबुळ करतात. सखूची छातीसुद्धा हलत नाही.

कुठं शिकलीस, असं कुणी विचारलं की ती हसून विषय बदलायची. खरं तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. नवरा पिऊन आला की ती झोपेचं सोंग घेऊन पडायची. श्वास जरा मोठा झाला तरी त्याला कळायचं. अशी पंधरा वर्षं काढल्यावर अंग आपोआप शिकलं. नवरा वारला, शिकलेलं तेवढं राहिलं.

मागच्या उन्हाळ्यात एका ऐतिहासिक कादंबरीवरच्या सिनेमासाठी धरणाच्या अंगाला अख्खं गाव उभारलं होतं. लवळ्याच्या एका कँटीनमध्ये कामाला असलेली सखूची मुलगी प्राजक्ता सुट्टी होती म्हणून आईबरोबर आली. लुटारू फौज गावात शिरते, एक सरदार झोपडीतल्या बाईला केस धरून फरफटत नेतो, असा प्रसंग होता. कादंबरीत तो दोन ओळींत आटोपला होता, सिनेमात त्याला दोन दिवस दिले होते. झोपडीला काळं कापड लावून भरदुपारी रात्र केली होती. दाराशी दोन मढी होती, सखू आणि प्राजक्ता.

बाईचं काम करणारी गौतमी पंचविशीतली, पहिलाच मोठा सिनेमा. दिग्दर्शक निषाद बावधनचा. माणूस वाईट नव्हता, तीन वर्षं त्या काळाचे कागद वाचून त्यानं सिनेमा लिहिला होता. पण गौतमीची किंकाळी त्याला पटेना. आतून येऊ दे, म्हणून तो पुन्हा पुन्हा करायला लावत होता. सातव्या खेपेला तिचा आवाज बसला. आठव्या खेपेला सरदारानं केसांना हात घातला आणि दाराशी मेलेली बाई उठून बसली.

सगळं थांबलं. विलास ओरडतच धावत आला. निषादनं त्याला हातानंच मागं सारलं आणि मुंगी चावली का, असं सखूला विचारलं.

"मुंगी न्हाई," सखू म्हणाली. "ती बाई आसं वरडायची न्हाई, सायेब."

निषाद दमला होता, तरी त्यानं नीट समजावलं. हे खरंच घडलेलं आहे, ते लपवलं तर इतिहास खोटा होईल, बघणाऱ्याला ते सहन होता कामा नये.

"घडलं आसंल, मी कुटं न्हाई म्हनतीया? पर घरात पोरं निजलेली असत्यात. आय वरडली की ती उठत्यात, मंग त्यांच्याम्होरं व्हतं सगळं. म्हून ती पदर दातात धरती."

जमिनीवर बसलेल्या गौतमीनं घोगऱ्या आवाजात विचारलं, "आणि ती बघते कुठं?"

"पोरांकडं. जागी झाली का, त्येच बघत ऱ्हाती."

निषादनं सगळ्यांना चहा सांगितला आणि एकटाच बाहेर जाऊन उभा राहिला. परत आला तेव्हा त्यानं कोपऱ्यात एक गोधडी टाकायला लावली, फरफट काढून टाकली आणि कॅमेरा गौतमीच्या चेहऱ्यावर ठेवला. तिनं पदर दातात धरला, नजर गोधडीवरून हलवली नाही. प्रसंग एकाच खेपेत झाला. सखू मात्र या वेळी नीट मरू शकली नाही. तिचा ऊर धपापत होता. निषादला ते दिसलं. ती टिपली जाणार नाही असा त्यानं कॅमेरा जरा सरकवून घेतला.

परतीच्या टेम्पोत प्राजक्ता आईला टेकून बसली होती. पौड मागं पडल्यावर ती हळूच म्हणाली, "आये, मी निजलेली नसायची."

घरी आल्यावर सखूनं पाणी तापवलं आणि लेकीच्या केसांत चिकटलेला पाक धुवायला बसली. धुता धुता तिनं विचारलं, काय काय बघितलंस? प्राजक्तानं सांगितलं. सखूनं तिला एकदाही अडवलं नाही. जे वाचवण्यासाठी तोंड मिटलं होतं ते वाचलंच नव्हतं, हे तिला त्या दिवशी कळलं. पाणी निवून गेलं तरी तिचे हात लेकीच्या केसांतच होते.

त्यानंतर कितीतरी दिवस दोघी थोडं थोडं बोलत राहिल्या. कधी रडायच्या, कधी प्राजक्ताच्या बापाच्या फजितीची एखादी आठवण निघून हसायच्याही.

सिनेमा लागला तेव्हा गौतमीनं दोघींना बावधनला नेऊन दाखवला. निर्मात्यानं त्या प्रसंगावर नगाऱ्यांचं संगीत चढवलं होतं, ते सखूला आवडलं नाही. पण मागच्या रांगेतली एक म्हातारी बाई प्रसंग संपल्यावरही पदर तोंडाशी धरून बसली होती.

पुढच्या सिनेमाच्या वेळी निषाद स्वतः वाडीवर आला. असे प्रसंग करताना नट्यांजवळ बसून त्यांना सांगशील का, असं त्यानं विचारलं. सखूनं प्राजक्ताकडं पाहिलं.

"जा की," प्राजक्ता म्हणाली. "पर तितं कुनाचं लेकरू आसंल तर त्येला आदी भायेर न्यायला सांग."

निषादनं ते कबूल केलं.