बाईंचा चमत्कार

येशूच्या पाच भाकरी पाच हजारांना कशा पुरल्या, हे नगरच्या चर्चच्या संडेस्कूलात दयाबाई भांबळ वर्षानुवर्षं एकाच पद्धतीनं सांगत. लोकांच्या पदराला बांधलेलं होतंच. एकानं आपलं काढलं, तसं सगळ्यांनी लाजून काढलं. "भाकरी काही फुगल्या नाहीत. माणसं मोठी झाली, हाच चमत्कार!" हायस्कुलात विज्ञान शिकवलेल्या बाई, वाद घालणार कोण? चर्चचे पाळक शांतवन तेवढे घालत. "बाई, देवाला थोडं तरी काम ठेवा की!"

पंचाण्णव साली हंगामाच्या सणाला दोघं पारनेरकडच्या एका खेड्यात गेले. नव्या पिकातली बाजरी, कांदे वेदीपुढे वाहून झाले. गावचं तिखट दयाबाईंना सोसत नसे. पिशवीतल्या डब्यात तूप लावलेल्या चपात्या आणि अंड्याची भुर्जी होती. पण चुलीपाशी बसलेल्या कडूबाईनं विचारलं, "डबाबिबा आनलाय का, बाई?" तशा त्या ठसक्यात म्हणाल्या, "छे गं! तुमच्या पंगतीतच बसणार." कडूबाई केवढी खूश झाली!

मग शेजारच्या गावची मंडळी टेम्पो भरून आली आणि खिचडीच्या पातेल्याचा तळ दिसू लागला. शांतवन हसत उभे राहिले. "आज बाईंचा चमत्कार करू. ज्यानं जे बांधून आणलंय, ते काढा!"

फडकी सुटली. भाकरी, ठेचा, उकडलेली रताळी. दयाबाईंचा हात पिशवीवर गेला. डबा काढावा? मग मघाचं खोटं उघडं पडणार. हात तिथंच राहिला.

सगळे पोटभर जेवले, वर टोपलीभर उरलं. "बाई जिंकल्या, मी हरलो!" शांतवन म्हणाले. टाळ्या पडल्या. दयाबाईंना मान वर करवेना. चमत्कार झाला होता, पण त्यांना वगळून.

एस.टी.साठी निघताना कडूबाई धावत आली. "दोन भाकरी ऱ्हायल्यात, वाटंला खा. तुमी तर काईच आनलं न्हवतं." नको नको म्हणेपर्यंत तिनं पिशवी उघडलीसुद्धा. वरच डबा. झाकणाच्या कडेला तूप ओघळलेलं.

कडूबाईनं एकदा बाईंकडं पाहिलं. भाकरी डब्यावर नीट ठेवल्या. निरोपाचं "सलाम, बाई," म्हणाली आणि वळली.

पुढं संडेस्कूलात तो धडा आला की दयाबाई तो शिकवायला शांतवनांना बोलावून घेत. शांतवनांना वाटे, बाईंचा देवाच्या चमत्कारावर विश्वास बसला.

"आता पटलं ना?" ते खुशीत विचारत.

दयाबाई कोरा फळा पुसत राहत.