वन्संची विळी, माझी खुर्ची

सायटिका असलेल्या बाईनं दिवसभराचा एसटी प्रवास करू नये, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तरी मी मे महिन्यात रत्नागिरीला जाऊन आले, ते केवळ आमच्या ह्यांच्या एका वाक्यामुळे. "ताईकडे बघ, तुझ्याहून मोठी, पण अजून विळीवर बसून नारळ खवते!" लग्न झाल्यापासून मी ह्या ताईचं, म्हणजे माझ्या वन्संचं, कौतुक ऐकतेय. मला खाली बसता येईनासं झाल्यापासून तर ते फारच झोंबतं. ह्यांना म्हटलं, चला, दोघं जाऊन बघूच.

माझ्यासारखी कंबर असलेल्यांसाठी सांगते: पुण्याहून सकाळची निमआराम गाडी धरा आणि मागच्या चाकावरची सीट फुकट दिली तरी घेऊ नका. रस्ता आता चौपदरी झालाय, त्यामुळे कऱ्हाडपर्यंत पाठ गप्प असते. तिथे उतरून चार पावलं चाला, चहा घ्या. आंबा घाटात मात्र दर वळणाला डाव्या कुल्ल्यातून निघालेली कळ थेट अंगठ्यापर्यंत जात होती. शेवटी मी दांडा धरून उभीच राहिले.

"आजी, बसा की, पडाल," कंडक्टर म्हणाला.

"बसूनच तर मेले रे बाबा!"

मग काय, साखरपा येईपर्यंत निम्मी गाडी मला आपापल्या कंबरेचे उपाय सांगत होती.

वन्संचं घर शहराबाहेर आहे, चिऱ्याचं, मागे आंब्याची आठ-दहा कलमं. यजमान गेल्यापासून त्या एकट्याच असतात, मुलगा मुंबईला. सकाळी मी उठून स्वयंपाकघरात गेले, तर बाईसाहेब आधीच विळीवर बसलेल्या. एक गुडघा उभा, पाठ ताठ, परातीत खवलेल्या खोबऱ्याचा पांढराशुभ्र चव पडतोय.

मी वाकायला गेले तशा म्हणाल्या, "तू नको गो वाकूस. वर बस, खुर्चीवर."

ती खुर्ची! एके काळी सासरच्या पंगतींचे नारळ मी एकटीनं खवलेत. आता मी पाहुणीसारखी उंचावर, आणि हे दारातून "बघितलंस?" म्हणतायत. मला वन्संच्या गुडघ्यांचा, कंबरेचा, त्या विळीचासुद्धा हेवा वाटला. चहा कडू लागला.

दुसऱ्या दिवशी मिरकरवाड्याला, बंदरावरच्या मासळीबाजारात गेलो. रिक्षाचं भाडं आधी ठरवा आणि गुळगुळीत चपला घालू नका, बर्फाचं पाणी सगळीकडे असतं. कमरेतून वाकून बांगडे निवडणाऱ्या बायकांकडे बघून माझा जीव जळत होता. वन्सं ओळखीच्या मासळीवालीपुढे ऐटीत खाली बसल्या आणि आम्हाला म्हणाल्या, "तुम्ही दोघं पुढे व्हा, बोटी बघा. मी आलेच." बोटी सुंदर होत्या म्हणतात. माझं लक्ष नव्हतं.

दुपारी बांगड्याचं तिखलं आणि सोलकढी झाली. अशी सोलकढी पुण्यात मिळत नाही, हे जळफळत का होईना, कबूल करते. सगळे आडवे झाल्यावर मी हळूच स्वयंपाकघरात गेले, ओट्याला धरून खाली उतरले आणि विळीवर बसले. अर्धा नारळ असा सरसर खवला म्हणून सांगू! मग उठायला गेले, तर कळ अशी आली की डोळ्यांपुढे काळोख.

वन्सं दारात उभ्या होत्या. मला वाटलं, आता ह्यांना हाक मारणार. त्यांनी दार लोटून घेतलं.

"अशी नाय उठायची," त्या कुजबुजल्या. "आधी कुशीवर हो. आता ओणवी. आता हे पिंप धर." पाण्याच्या पिंपाचा काठ एका जागी हातानं घासून गुळगुळीत झाला होता.

"तुम्हीसुद्धा?"

"मग काय तर. कोणी उठायच्या आधी बसते, नि सगळी गेली की उठते. कोणी बघायला नको. बाजारात तुम्हाला बोटी बघायला कशाला धाडलं?"

मला हसू फुटलं. त्या मात्र हसल्या नाहीत.

"काल संध्याकाळी तो तुझ्या पाठीला तेल लावत होता," त्या म्हणाल्या. "मी बाहेरनं बघितलं. माझा भाऊ, पण खरं सांगते, मला तुझा हेवा वाटला गो. माझी कंबर दुखते, हे विचारणारं कोण आहे? मग नाहीच दुखत म्हणायचं."

परतीच्या वाटेवर घाट तोच आणि कळही तीच. ह्यांनी "ताई बघ कशी..." सुरू केलं, तेव्हा पहिल्यांदाच मी भांडले नाही.

घरी आल्यावर संध्याकाळी हे निर्गुडीचं तेल कोमट करून वाटीत घेऊन आले. मी म्हटलं, "आधी ताईंना फोन लावा. कंबर कशी आहे विचारा."

"तिला काय धाड भरलीय?"

"विचारा तर."

विचारलं. पलीकडून वन्सं बोलतच सुटल्या. मग "अगं, मला सांगायचं नाहीस का?" म्हणाले, खुर्ची ओढून बसले, आणि आवाज असा हळवा झाला की तसा माझ्याशी बोलताना कधी होत नाही. मी पलंगावर पालथी, पाठ उघडी टाकून वाट बघतेय. वाटीतलं तेल पार थंड झालं, आणि खोटं कशाला बोलू, मला पुन्हा वन्संचा हेवा वाटायला लागला.