एका म्हशीचं दूध

पडदा वर जातो तेव्हा समोर गोठा दिसतो. तळोज्याच्या बाजूचा, नव्या इमारतींच्या पाठीमागे कसाबसा उरलेला, पत्र्याचा, लांबट. दोन पिवळे दिवे, दावणीला म्हशींची काळी रांग, आणि चारा, शेण, ताजं दूध यांचा मिळून झालेला उबदार वास. उजेड अजून पुरता फुटलेला नाही. डावीकडून बाबासो शेवाळे प्रवेश करतात. डोक्याला पांढरी टोपी, खांद्यावर टॉवेल, हातात झाकणाची स्टीलची बरणी. अंगानं रुंद, पण मान जरा पुढे झुकलेली. उभी हयात वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात पोती वाहिली, त्या पोत्यांनीच ती मान अशी घडवलेली.

"भैरू, कपाळाला चांद हाय तीच काढतोस न्हवं?"

"तीच, आण्णा. दुसरीकडं नुसतं बगितलं तरी तुमी डोळं वटारता."

बाबासो पालथ्या बादलीवर बसायचे आणि धार निघेपर्यंत हलायचे नाहीत. धार तळाला आपटते तेव्हा आवाज टणक येतो, भांडं भरत जाईल तसा तो मऊ होत जातो, आणि फेस वर आला की नुसता सुस्कारा ऐकू येतो. तो सुस्कारा ऐकला की ते उठायचे. अंगठ्याच्या नखावर एक थेंब घ्यायचे, तो घरंगळत नाही हे बघायचे आणि तोंडभर हसायचे. त्या हसण्यासाठी भैरू रोज दोन मिनिटं जादा थांबायचा.

कामोठ्याच्या त्यांच्या घरात दुधावरून चार पक्ष होते. शकुबाई, त्यांची बायको, माणदेशातली. शेळ्यांत वाढलेली. कळंबोलीच्या एका धनगराकडून अधूनमधून पावशेर शेळीचं दूध मिळालं की तिचा चहा वेगळा व्हायचा आणि तो ती कुणाला देत नसे. मुलगा स्वराज व्यायामशाळेत जाणारा. त्याला साय काढलेलं लागे. सून उत्कर्षा फ्रिजमधली पिशवी कोपऱ्यावर कातरून गारेगार दूध पेल्यात ओतून घ्यायची आणि उभ्याउभ्या संपवायची. बाबासोंच्या अंगावर शहारा यायचा.

"अगं पोरी, कुणाचं हाय ते तरी ठाऊक हाय का तुला?"

"डेअरीचं, बाबा."

"डेअरीला काय शिंगं हायती? शंभर गावच्या म्हशी, शंभर गावच्या गायी, समद्यांचं एका टाकीत ओतायचं. कोण कुणाचं, पत्ता न्हाई. हे बिनआईचं दूध झालं."

वरच्या मजल्यावरची सुचिता एकदा बदामाचं दूध घेऊन आली. बाबासोंनी बाटली उलटसुलट करून पाहिली. "बदामाला आचळ कुठं असतंय गं?"

"काका, भिजवून, दळून गाळतात."

"मंग गाळलेले बदाम म्हण की. दुधाचं नाव कशाला खराब करतीस?"

सगळे हसायचे, तेही हसायचे. पण ते हसणं एका जागेपाशी येऊन थांबायचं, आणि ती जागा शकुबाईखेरीज कुणाला माहीत नव्हती.

बाबासो जन्मले आणि त्यांची आई गेली. तान्हं पोर आत्याच्या पदरात आलं. आत्याचं लेकरू केव्हाच मोठं झालेलं, अंगावर दूध नाही. घरात एक म्हैस होती, मोरणी. गावातल्या जाणत्या बाईनं सांगितलं, पोराला एकाच म्हशीचं द्यायचं, मिसळलंत तर पचायचं नाही. मग आत्यानं मोरणीचं दूध पाणी घालून, उकळून, कापसाच्या बोळ्यानं त्यांच्या ओठांवर पिळलं. ते पोर जगलं. आईचा चेहरा त्यांनी कधी पाहिला नाही, फोटोही नव्हता. पण मोरणीचे डोळे त्यांना अजून दिसत. उन्हाळ्यात ती रवंथ करत बसली की तिच्या पोटाला पाठ लावून ते झोपायचे. ती मेली तेव्हा पोरसवदा बाबासो न्हाव्याकडे गेले आणि केस उतरवून आले. गाव पोट धरून हसलं. आत्या तेवढी हसली नाही. तिनं डोक्यावरून पदर घेतला आणि त्या दिवशी चूल पेटवली नाही.

तेव्हापासून बाबासोंच्या लेखी दूध म्हणजे एका म्हशीचं. बाकीचं काय ते पांढरं पाणी.

आणि मग उत्कर्षा सातव्या महिन्यातच अडली. रक्तदाब चढला, डोळ्यांपुढे अंधारी आली. नेरुळच्या इस्पितळात नेली, आणि डॉक्टरांनी बाळ काढलं. मुलगी. ओंजळीत मावेल एवढी. उत्कर्षा एका मजल्यावर नळ्यांमध्ये, बाळ दुसऱ्या मजल्यावर काचेच्या पेटीत. स्वराज जिन्यातून वर-खाली करत होता. बाबासोंना काय करावं कळेना. पोती उचलायची असती तर त्यांनी उचलली असती. शेवटी त्यांना एकच गोष्ट येत होती, ती त्यांनी केली. तिसऱ्या दिवशी पहाटे गोठ्यावर गेले, चांदवाल्या म्हशीची धार काढून घेतली, बरणी टॉवेलात गुंडाळली आणि रिक्षानं थेट इस्पितळाच्या दारात उतरले.

वॉर्डातल्या सिस्टर प्रिया यांनी बरणीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं. आवाज न चढवता म्हणाल्या, "आजोबा, हे तिला नाही चालणार. तिचं आतडं अजून कच्चं आहे. पावडरचंही आम्हाला भय वाटतं."

"पाणी घालून उकळून द्या. मी त्यावरच वाढलोय."

"तुम्ही पुऱ्या दिवसांचे होतात, आजोबा."

स्वराज मध्ये आला. त्याचे डोळे जागरणानं सुजलेले. "बाबा, उत्कर्षाला दूध यायला वेळ लागेल, ती अजून शुद्धीवर नीट नाही. इथे दुधाची बँक आहे. बाळंतिणी जादाचं दूध देतात. तपासून, गरम करून ठेवतात. डॉक्टर म्हणतात ते सुरू करू. मला काही सुचत नाही, तुम्ही सांगा."

"कुणाचं दूध?"

"पुष्कळ जणींचं असतं," सिस्टर म्हणाल्या. "एकत्र करून ठेवतात."

बाबासोंच्या हातातली बरणी एकदम जड झाली. पुष्कळ जणींचं. मिसळलेलं. ज्या गोष्टीपासून त्यांना जन्मतः वाचवलं गेलं, असं ते आयुष्यभर मानत आले होते, तीच आता नातीच्या तोंडी घालायची.

"नको," ते म्हणाले. "एका बाईचं मिळालं तर बघा. मिसळलेलं नको."

सिस्टरांनी घड्याळाकडे पाहिलं. "फार वेळ नाही आपल्याकडे," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. स्वराज बापाकडे बघत राहिला, मग उत्कर्षाला पाहायला जिना उतरला.

बाबासो बाहेरच्या बाकावर बसले. बाकाच्या दुसऱ्या टोकाला त्यांच्याच वयाची एक बाई होती. गुडघ्यापर्यंत ओढून नेसलेलं लुगडं, दंडावर गोंदण, मांडीवर गुटगुटीत पोर. ती करावे गावची विमलबाई. तिला गप्प बसायची सवय नव्हती.

"काय वो भाऊ, दूध इकाया आलाव काय?"

"न्हाई बाई. नातीला आणलं हुतं. चालत न्हाई म्हणत्यात. सातव्या महिन्यात जन्मली."

विमलबाईचा चेहरा बदलला. "अगो बाय माजे. मंग तिला म्हशीचा नाय चालायचा. आमचे सुनंचा चालंल."

"तुमच्या सुनेचं?"

"मंग? आत बसलीय ना, दूध देतेय. हा बगा आमचा बाला, पिऊन पिऊन भोपला झालाय, तरी उरतंय. मी बोलले, खाडीन ओतू काय? ती बोलली, नको आई, नेरुलला बँक हाय."

बाबासो जरा सरकून बसले. "बाई, राग मानू नका. हितं देणाऱ्या बाया कुठल्या? कुठल्या घरच्या?"

विमलबाईनं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "भाऊ, तुमी दूध घ्याया आलाव का लगीन जुलवाया?"

बाजूनं जाणारा वॉर्डबॉयसुद्धा हसला. बाबासोंनी टोपी काढली आणि परत घातली.

तेवढ्यात दार उघडून जागृती बाहेर आली. हीच विमलबाईची सून. सलवार-कमीज घातलेली, ऑफिसात जाणारी, केसांना पेन खोचलेलं. तिनं पोराला घेतलं. बाबासोंच्या मनात एक प्रश्न केव्हाचा अडकून पडला होता. तो त्यांनी विचारला.

"पोरी, एक सांग. म्हशीला पान्हा फुटायला फुडं रेडकू लागतंय. रेडकू दगावलं तर त्याच्या कातड्यात पेंढा भरून उभं करावं लागतंय, तवा ती धार देती. तुझं लेकरू तर हितं बाहेर हुतं. आत तू कुणाकडं बघून दूध दिलंस?"

जागृतीला हसू आलं नाही. तिनं पोराला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"पहिल्या दिवशी येतच नव्हतं, काका. मशीन लावलं, टेन्शन आलं, थेंब नाही. मग सिस्टरनी मला त्या काचेपाशी नेलं. आत पेट्यांमध्ये झोपलेली असतात ना, ती दाखवली. आता मी बसले की डोळे मिटते आणि त्यातलं एक आठवते."

"कुठलं?"

"कुठलंही. कुणाला जातं ते कळतच नाही ना. आमच्या शेजारच्या सारसोळे गावची एक येते, एक बेलापूरच्या मशिदीमागची, एक बंगाली आहे, तिला मराठी येत नाही. सगळ्यांचं एकत्र करतात. पण पोराचा चेहरा आठवला की येतंच."

चाळीस-पन्नास किलोचं पोतं पाठीवर आल्यावर क्षणभर श्वास थांबतो, तसा बाबासोंचा श्वास थांबला होता. त्यांनी जन्मभर म्हशी पाहिल्या. परक्या रेडकाला लाथ मारणाऱ्या पाहिल्या, धन्याखेरीज दुसऱ्याच्या हाताला धार न देणाऱ्या पाहिल्या. आणि ही समोर उभी असलेली पोरगी, केसांत पेन खोचलेली, डोळे मिटून कुठल्याही पोराची आई होते आणि मग रिक्षा करून घरी जाते. बिनआईचं दूध म्हणून ज्याला ते हसत आले, तसलंच हे मिसळलेलं. पण यातला थेंबन् थेंब कुणीतरी एकीनं कुणाचातरी चेहरा डोळ्यांपुढे आणून दिलेला. त्यांना वाटलं, आपण जन्मलो तेव्हाही गावात पाजणाऱ्या बाया असतील. त्यांचं स्वतःचंच पोट अर्धं, त्या कुठून देणार? कुणाचा दोष नाही. मोरणीनं दिलं तेही थोर. पण हे काही वेगळंच.

ते उठले. बरणी दोन्ही हातांनी जागृतीपुढे धरली. "हे तू पी. न्हाई म्हणू नकोस."

"अहो काका..."

"घे गो," विमलबाई म्हणाली. "भाऊ, साय येल ना?"

"बोटभर!"

जिन्यातून स्वराज वर येत होता. बाबासोंनी त्याला तिथेच गाठलं. "सिस्टरला सांग, द्या म्हणावं. मिसळलेलं, कसलं बी. आत्ता द्या."

स्वराजनं बापाच्या तोंडाकडे पाहिलं आणि तो धावतच आत गेला.

सिस्टर प्रियांनी बाबासोंना हात धुवायला लावले, अंगावर हिरवा डगला चढवला, टोपीवर दुसरी कागदी टोपी बसवली. असे सजून ते काचेच्या पेटीपाशी उभे राहिले. आत ती होती. तळहाताएवढं अंग, त्वचेतून दिसणाऱ्या निळ्या शिरा, आणि नाकातून गेलेली सुतासारखी नळी. सिस्टरांनी छोटी सिरिंज नळीला जोडली. तिच्यात दूध ओतलं. चमचाभरही नाही. पातळ, किंचित निळसर. एरवी असं दूध पाहून बाबासोंनी गवळ्याचा उद्धार केला असता.

सिस्टरांनी ते ढकललं नाही. सिरिंज नुसती उंच धरली, देवापुढे निरांजन धरतात तशी, आणि थांबल्या. दूध आपल्याच वजनानं हळूहळू उतरू लागलं. बाबासोंना ओरडून सगळ्यांना सांगावंसं वाटलं की गप्प राहा, हलू नका. पण तिथे कुणी बोलतच नव्हतं. यंत्राची टिकटिक होती तेवढीच. दूध खाली सरकत गेलं, नळीत शिरलं, दिसेनासं झालं. तेव्हा त्या एवढ्याशा तोंडाचे ओठ आपोआप हलले. काही नव्हतं त्या ओठांत, तरी ती चोखत होती.

"बघा," सिस्टर हळूच म्हणाल्या, "तिला कळतंय."

बाबासोंचे दोन्ही हात जोडले गेले होते. कुणासमोर, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. गालावरून ओघळ वाहत होते आणि डगल्याच्या बाहीनं ते पुसायचं भान त्यांना नव्हतं. बऱ्याच वेळानं त्यांनी मान वर केली.

"ताई," ते म्हणाले, "ह्या समद्या जणींच्या पाया पडायचं झालं, तर माणसानं जायचं कुठं?"